दाढ क्रमांक ४६: दात काढण्याच्या कारणांचं एक प्रकरण

सरकारी रुग्णालयाच्या दंत विभागात दात काढला की नोंदवहीत एक ओळ भरायची असते. केसपेपरचा नंबर, नाव, वय, गाव, दाताचा क्रमांक आणि शेवटी कारण. कारणाच्या रकान्यात बहुतेक वेळा दोनपैकी एक काहीतरी येतं: कीड, नाहीतर हिरडीचा आजार. वर्षाअखेरीला या ओळींची बेरीज होते, टक्केवारी निघते आणि अहवाल वर जातो.

इथे मांडलेली ओळ अशी आहे: स्त्री, पन्नाशीच्या अलीकडे, दाढ ४६, कारण कीड. नोंद खरी आहे. तरीही या बाईची दाढ नेमकी कशामुळे गेली हे त्या रकान्यावरून कळत नाही, आणि तशा शेकडो ओळी एकत्र केल्या तरी कळणार नाही. म्हणून एकच ओळ उलगडून बघतो. ठिकाण सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावरचं एक ग्रामीण रुग्णालय. रुग्णाची ओळख पटू नये म्हणून गाव, वय आणि घरातले काही तपशील बदललेले आहेत.

आल्या त्या दिवशी

जूनचा पहिला आठवडा. पाऊस नुकताच लागला होता. या बाई, त्यांना काकी म्हणू, मासे विकतात. सकाळी जेटीवर लिलावात माल घ्यायचा, बर्फात घालायचा आणि रिक्षाने आतल्या वाड्यांमध्ये फिरायचं. उजवा गाल सुजलेला, तोंडाला पदर लावलेला, सोबत सात वर्षांची नात. खुर्चीवर बसण्याआधीच निकाल सांगून मोकळ्या झाल्या: "डाक्टरांनू, काडून टाका एकदाचो. रातभर डोळ्याक डोळो लागलो नाय."

खालच्या जबड्यातल्या उजव्या बाजूच्या पहिल्या मोठ्या दाढेचा, म्हणजे ४६ चा, वरचा भाग जवळजवळ नाहीसा झाला होता. हिरडीच्या पातळीला काळपट मुळं दिसत होती, बाजूला पुळी, दाबल्यावर पू. डाव्या बाजूची हीच दाढ, म्हणजे ३६, केव्हाच काढलेली. तिच्या जागी मागची दाढ पुढे कलली होती आणि वरची दाढ रिकाम्या जागेत खाली उतरू लागली होती. खालचे समोरचे चार दात बोट लावताच हलत होते. त्यांच्या मुळांवर मशेरीचा काळा थर, हिरड्या खाली सरकलेल्या.

अशा वेळी सूज कुठवर गेली आहे हे आधी बघावं लागतं. तोंड नीट उघडतंय का, गिळताना त्रास होतोय का, जिभेखालचा भाग मऊ आहे की लाकडासारखा ताठ. खालच्या दाढेचा पू जिभेखाली आणि गळ्याकडे पसरला तर श्वास अडकू शकतो, आणि मग दंत विभागाची ती केस राहत नाही. काकींच्या बाबतीत तसं काही नव्हतं. ताप नव्हता. साखर तपासली तर २१४ आली. मधुमेह तीन वर्षांपासून माहीत होता, गोळ्या "असल्या तर" घेत होत्या.

मी त्यांना एक प्रश्न विचारला, जो केसपेपरवर कुठेच छापलेला नसतो: आजच का आलात? पुळी फेब्रुवारीपासून येत-जात होती हे त्यांनीच सांगितलं होतं.

"होड्यो वर काडल्यो. आता बाजार बंद. म्हणान आज इलंय."

पावसाळी मासेमारी बंदी १ जूनला सुरू होते. ट्रॉलर किनाऱ्याला लागतात, लिलाव थांबतो. आपली सकाळची ओपीडी आणि काकींचा सकाळचा बाजार एकाच वेळी भरतात. फेब्रुवारीत दाढेला दाखवायला येणं म्हणजे त्या दिवसाची कमाई सोडणं, आणि घेतलेला माल असेल तर तो सडवणं. जूनमध्ये त्याच वेळेला किंमत उरत नाही. मधले चार महिने दाढ थांबली नाही, हाडाचं नुकसान चालू राहिलं.

दाढेचा इतिहास

ही दाढ साधारण सहाव्या वर्षी येते आणि आयुष्यभर सगळ्यात जास्त चावण्याचं काम करते. काकींना तिच्यात खड्डा पहिल्यांदा जाणवला तो तिशीच्या मागेपुढे. गोड खाल्लं की कळ, थंड पाणी लागलं की कळ. या टप्प्यावर एका बैठकीत सिमेंट भरून दाढ वाचते. पण या टप्प्यावर कोणी येत नाही. चहा कोमट करून पिता येतो, दुसऱ्या बाजूने चावता येतं, आणि काम चालू राहतं. काकींना तर दुसरी बाजूही नव्हती. डावी दाढ त्याआधीच, धाकट्या मुलाच्या वेळी दिवस असताना दुखली आणि बाळंतपणानंतर काढली गेली. बाळाने हाडातलं-दातातलं बळ ओढून घेतलं, असं त्यांना सासूने सांगितलं होतं आणि त्यांचा अजून तोच समज आहे. गरोदरपणात दातांतलं कॅल्शियम बाळाकडे जात नाही. हिरड्या मात्र जास्त सुजतात, उलट्यांमुळे आम्ल वारंवार दातांवर येतं, थोड्या थोड्या वेळाने खाल्लं जातं, आणि या काळात दातांना हात लावायचा नाही असं घरचे आणि कधी कधी डॉक्टरही सांगतात. दात जातो तो या सगळ्यामुळे. गरोदरपणाच्या मधल्या तीन महिन्यांत दात भरून घेणं सुरक्षित असतं.

डावी बाजू गेल्यामुळे सगळं चावणं उजवीकडे आलं. उजव्या दाढेवरचा खड्डा वाढत राहिला. त्यांचा दिवस कसा जातो ते विचारलं. पहाटे मशेरी, मग गोड चहा आणि खारी. जेटीवर एक चहा. वाडीत फिरताना ओळखीच्या घरी चहा, कधी सोबत बिस्किट. आग्रह मोडवत नाही. दुपारी पुन्हा. एकूण साखर फार नसेल, पण दिवसभर थोडी थोडी. साखर तोंडात गेली की जंतू तिचं आम्ल करतात, तोंडातला सामू (पीएच, आम्लतेचं माप) ५.५ च्या खाली उतरतो आणि दाताचा वरचा थर विरघळू लागतो. लाळेने तो पूर्ववत व्हायला अर्धा तास किंवा जास्तच लागतो. दर दोन तासांनी चहा झाला तर दाताला सावरायला उसंत मिळत नाही. त्यात टूथपेस्ट नाही, म्हणजे फ्लोराइडही नाही. मशेरीत फ्लोराइड नसतं, तंबाखू असतो.

मशेरीबद्दल इथे थांबायला हवं, कारण आपण डॉक्टर लोक हिचा उल्लेख "वाईट सवय" एवढ्यावर उरकतो. काकींनी मशेरी सुरू केली ती दाढदुखीवर औषध म्हणून. तव्यावर तंबाखूची पानं काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची आणि बोटाने दातांवर घासायची. दुखऱ्या दाढेला तंबाखूने थोडं बरं वाटतं, हे घराघरात माहीत असतं. किनाऱ्यावरच्या कितीतरी बायकांची सुरुवात अशीच झालेली असते. मग सकाळी मशेरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, डोकं चढतं, आणि औषधाचं व्यसन होतं. दाढ दुखायची थांबते किंवा निघून जाते, मशेरी मात्र राहते आणि समोरच्या दातांच्या हिरड्या खाली ढकलत राहते. म्हणजे एका दाढेच्या किडीने चार समोरच्या दातांचा हिरडीचा आजार वाढवला. नोंदवहीत कीड आणि हिरड्या हे दोन वेगळे रकाने आहेत. काकींच्या तोंडात ती एकच साखळी आहे. तोंडाच्या कॅन्सरचा धोका तर वेगळाच. त्यांच्या गालाच्या आतला भागही म्हणून मी बोट फिरवून तपासला.

आता या प्रकरणातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग. तीन वर्षांपूर्वी दाढ असह्य ठणकली. लवंगाचं तेल झालं, मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या झाल्या, तिरफळ चावून धरून झालं. तिरफळाने तोंड बधिर होतं हे बांगड्याचं तिखलं खाणाऱ्या कोणालाही सांगायला नको. शेवटी मुलगा गणपतीला मुंबईहून आला होता, तो त्यांना तालुक्याच्या गावातल्या खासगी दवाखान्यात घेऊन गेला. तिथल्या डॉक्टरांनी रूट कॅनल सांगितलं, जे योग्यच होतं. पहिल्या बैठकीत दाढ उघडली, आतली सडलेली नस काढली, कापसावर औषध ठेवून वर तात्पुरतं सिमेंट लावलं. पुढची तारीख दिली. काकी त्याच रात्री गाढ झोपल्या.

"दुखूचा थांबला, मगे कित्याक जातलंय?"

यात त्यांचं चुकलं असं म्हणणं सोपं आहे. पण रूट कॅनलमध्ये पहिल्या बैठकीत दुखणं जातं आणि पैसे पुढच्या बैठकींना आणि कॅपला लागतात, या रचनेकडे बघा. रुग्णाला जे हवं होतं ते सुरुवातीलाच मिळून जातं. पुढच्या बैठका दाढ टिकवण्यासाठी असतात आणि त्या दिवसांत दाढ दुखत नसते. मुलगा चाकरमानी, गणपती आटोपले की परत गेला. त्याच्यासोबत दवाखान्यात नेणारा माणूस आणि पैसे दोन्ही गेले. खासगीत रूट कॅनल आणि कॅप मिळून काही हजार होतात. तात्पुरतं सिमेंट काही महिन्यांत पडलं. नस काढलेली दाढ ठिसूळ होते, वर कॅप नसली तर चावताना तडकते. काकींची दाढ सुरमईचा काटा लागून तुटली, असं त्या सांगतात. खरं तर काटा निमित्त होता, भिंती आधीच पोकळ झालेल्या होत्या. तरीही दुखत नव्हतं, कारण नसच नव्हती. आत मुळाच्या टोकाशी जंतू हाड खात होते आणि बाहेर सगळं शांत होतं. मधुमेह अनियंत्रित असला की हे काम जलद होतं. फेब्रुवारीत पुळी आली.

काढायची की थांबायचं

एक्स-रे घेतला. दोन्ही मुळांच्या मधलं हाड विरलेलं, मुळांच्या टोकाशी काळी पोकळी, आणि वर कॅप बसवायला पुरेसा दात शिल्लक नाही. ही दाढ वाचवता येणार नव्हती. कोणत्याही मोठ्या शहरातल्या दवाखान्यातही हेच उत्तर मिळालं असतं. तेव्हा काढणं हा निर्णय वादाचा नव्हता. वाद होता तो आज काढायची का यावर.

नेहमीचा मार्ग असा: साखर २०० च्या वर आहे, सूज आहे, मग पाच दिवसांच्या गोळ्या लिहा, मेडिसिनला पाठवा, साखर खाली आली की या. कागदावर हे बिनचूक आहे. मधुमेहात जखम उशिरा भरते, जंतुसंसर्गाचा धोका जास्त असतो. शिवाय पू असलेल्या जागी भूल नीट चढत नाही. तिथलं आम्ल भुलेच्या औषधाला दाताच्या नसेपर्यंत पुरेसं पोचू देत नाही. "सूज असताना दाढ काढू नये" हा लोकांतला समज इथूनच आला असावा, कारण कोणातरी नातेवाइकाची दाढ अर्धवट भुलेत काढली गेली होती आणि तो किस्सा वाडीभर फिरला होता.

दुसरी बाजू अशी की संसर्ग स्वतःच साखर चढी ठेवतो. पू आत आहे तोवर गोळ्या तात्पुरत्या. गोळ्यांनी सूज उतरली की दुखणं थांबणार, आणि दुखणं थांबल्यावर काकी काय करतात ते तीन वर्षांपूर्वी दिसलंच होतं. सूज एका जागी मर्यादित होती, ताप नव्हता, मुळं सैल होती. खालच्या जबड्यात भूल दुखऱ्या जागेपासून दूर, जबड्याच्या मागच्या भागात नसेच्या मुळाशी देता येते, त्यामुळे पुवाची अडचण बरीच टळते. वैद्यकीय अधिकाऱ्यांना त्याच इमारतीत दाखवलं. काकींनी सकाळी न्याहारी केली होती हे विचारून घेतलं, त्यांच्या गोळ्या पुन्हा सुरू केल्या, अँटिबायोटिक सुरू केलं आणि त्याच दिवशी दाढ काढली.

काढणं तसं सोपं गेलं. ओठ बधिर झाल्याची खात्री केली, दोन मुळं वेगवेगळी सैल करून बाहेर घेतली, पोकळी धुतली, कापूस चावायला दिला. काढण्यापेक्षा नंतरच्या सूचनांना जास्त वेळ दिला. चोवीस तास गुळण्या नाहीत, थुंकत बसायचं नाही, आणि मशेरी नाही. दात काढल्यावर खड्ड्यात रक्ताची गुठळी बसते आणि तीच जखमेचं झाकण असते. ती निघाली किंवा विरघळली तर दोन-तीन दिवसांनी हाड उघडं पडून असा ठणका सुरू होतो की दाढ होती तेव्हा बरं होतं असं वाटावं. तंबाखूने हा धोका वाढतो. "मशेरी सोडा" असं आयुष्यभरासाठी सांगितलं असतं तर काकींनी मान हलवली असती आणि संध्याकाळी डबी उघडली असती. मी फक्त पाच दिवस मागितले. कारण समजलं असल्यामुळे ते त्यांनी पाळलेही, असं सुनेने नंतर सांगितलं.

आणि त्याच बैठकीत आणखी एक काम केलं. काढलेल्या दाढेच्या शेजारच्या ४७ वर छोटा खड्डा होता. त्या बाजूला भूल होतीच. हातातल्या अवजारांनी किडका भाग खरवडला आणि ग्लास आयोनोमर सिमेंट भरलं. दहा मिनिटांचं काम. पुढच्या तारखेला बोलावलं असतं तर ही दाढ काही वर्षांनी याच नोंदवहीत आली असती.

नोंदवही काय दाखवते

दात का काढले जातात यावर जगभर रुग्णालयांच्या नोंदींवरून पुष्कळ अभ्यास झाले आहेत. त्यांचा मोठा सूर सारखाच निघतो. कीड पहिली, हिरडीचा आजार दुसरा. चाळिशीपर्यंत कीड स्पष्टपणे पुढे असते, त्यानंतर हिरडीचा आजार तिला गाठतो आणि अनेक ठिकाणी मागे टाकतो. किडीने सगळ्यात जास्त जातात त्या पहिल्या मोठ्या दाढा, विशेषतः खालच्या, कारण त्या सगळ्यात आधी येतात आणि त्यांच्यावरच्या खाचा खोल असतात. हिरडीच्या आजाराने खालचे समोरचे दात आणि वरच्या दाढा जास्त जातात. उरलेल्यांत अडकलेल्या अक्कलदाढा, वाकडे दात सरळ करण्याआधी काढलेल्या छोट्या दाढा, अपघातात मोडलेले पुढचे दात, आणि तोंडाच्या कॅन्सरवर रेडिएशन देण्याआधी काढावे लागणारे दात. हा शेवटचा गट सुपारी-तंबाखूच्या पट्ट्यात विसरून चालत नाही. श्रीवर्धनच्या रोठ्यापासून खाली सावंतवाडीपर्यंत सुपारी हे आपलं पीक आहे आणि तोंडातला रोजचा घासही. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. सुपारी आणि तंबाखू वेगवेगळ्या पुड्यांत घेऊन एकत्र चघळण्यावर तिचा परिणाम होत नाही, हे कुठल्याही टपरीसमोर उभं राहिल्यावर दिसतं.

काकींचं तोंड या चित्रात अगदी चपखल बसतं. ३६ आणि ४६ किडीने गेल्या, आता समोरचे खालचे दात हिरडीच्या आजाराने जाण्याच्या वाटेवर आहेत. पुस्तकातलं उदाहरण म्हणून दाखवता येईल. आणि म्हणूनच मला या आकड्यांबद्दल शंका येते. रुग्णालयाची नोंदवही दातांच्या आजारांचं मोजमाप करत नाही. ती मोजते दात कधी हाताबाहेर गेला ते. ज्याला रूट कॅनल परवडतं तो कणकवली-कुडाळच्या दवाखान्यात जातो, कोणी गोव्यातल्या बांबोळीच्या दंत महाविद्यालयापर्यंत जातो. त्याची दाढ आमच्या वहीत येतच नाही. ज्याचा दात आपोआप हलून पडला त्याचीही येत नाही. वरची दाढ काढली की नजर जाते, असं मानणारे तर वरचे दात शेवटपर्यंत काढूनच घेत नाहीत, त्यामुळे वरच्या आणि खालच्या दाढांची तुलनाही थोडी तिरकी होते. डोळ्याची नस आणि दाताची नस वेगळ्या आहेत, दाढ काढून नजरेवर काही होत नाही, हे मी रोज कोणाला तरी सांगतो.

आता सरकारी खुर्चीची बाजू. दाढ काढायला एक बैठक पुरते. रूट कॅनलला दोन-तीन लागतात, वर कॅपसाठी लॅब लागते. एक दंतशल्यचिकित्सक, एक खुर्ची आणि बाहेर बाकावर बसलेली माणसं असली की कोणता उपचार जास्त होणार हे ठरलेलं आहे. कोकणात यात आणखी एक गोष्ट येते, जी अहवालात कधी येत नाही. खाऱ्या हवेने कॉम्प्रेसर गंजतो. पावसात वीज जाते. ड्रिलला वीज, हवा आणि पाणी तिन्ही लागतं; चिमट्याला यातलं काही लागत नाही. वीज गेलेल्या दिवशी जो दात भरता आला असता तो "नंतर या" होतो, आणि काढायचा दात मात्र त्याच दिवशी काढला जातो.

पण हाच मुद्दा उलटा वापरता येतो. ४७ मध्ये मी जे केलं त्याला वीज लागली नाही. हाताच्या अवजारांनी कीड खरवडून चिकटणारं सिमेंट भरण्याची ही पद्धत १९८० च्या दशकात टांझानियात विकसित झाली, ती वीज आणि ड्रिल नसलेल्या ठिकाणांसाठीच. ग्लास आयोनोमर सिमेंट, फ्लोराइडची टूथपेस्ट आणि कीड थांबवणारं सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड या तिन्ही गोष्टी जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतल्या. आपल्याकडे राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम २०१४ पासून आहे. म्हणजे पद्धत आहे, सामान स्वस्त आहे. दात काढायला येणाऱ्याचं बाकीचं तोंड त्याच वेळी बघायचं, भरण्यासारखं असेल ते तिथेच भरायचं, ही सवय मात्र खुर्चीला लागलेली नाही. एका सहकाऱ्याचं म्हणणं की बाहेर रांग असताना दहा मिनिटं कुठून आणायची. प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर एवढंच की ही दहा मिनिटं आज दिली नाहीत तर पुढे काढण्यासाठी वीस द्यावी लागतात, आणि बहुधा तोच रुग्ण असतो.

सोबत आलेली नात

काकींना भूल चढेपर्यंत मधल्या वेळात मी नातीला आ कर म्हटलं. तिच्या हातात बिस्किटाचा पुडा होता. दुधाचे समोरचे दात पडून नवे येत होते. सगळ्यात मागे, चारही कोपऱ्यांत, पहिल्या मोठ्या दाढा आलेल्या. खालच्या उजव्या दाढेच्या खाचेत तपकिरी रेघ. आजीची जी दाढ मी काढणार होतो तीच, ४६.

"ती दुधाची दाढ, पडतली," काकी बधिर ओठांनी म्हणाल्या.

हा समज फार महागात पडतो आणि त्यात कोणाचा दोष नाही. समोरचे दुधाचे दात पडतात, मग नवे येतात. आईबापांना ते दिसतं. पहिली मोठी दाढ कोणताही दात न पडता, दुधाच्या दाढांच्या मागे गुपचूप उगवते. पडलेलं काहीच नसतं, त्यामुळे आलेलंही कोणाच्या लक्षात येत नाही. मूल पहिलीत असतं, ब्रश नीट मागेपर्यंत पोचत नाही आणि खाच खोल असते. काकींच्या दाढेची कीड तिशीत जाणवली, पण तिची सुरुवात बहुधा अशाच कुठल्या वर्षी झाली असेल.

नातीच्या त्या दाढेवर आणि बाकीच्या तिघींवर खाचा बंद करणारं सिमेंट लावलं. रडली नाही, कारण दुखण्यासारखं काही नव्हतंच. सुनेला फोनवर सांगितलं की या दाढा पुन्हा येणार नाहीत, रात्री झोपण्याआधी फ्लोराइडच्या पेस्टने घासायला लावा, वाटाण्याएवढी पेस्ट पुरे. शाळांमध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं २०१३ पासून मुलांची तपासणी करतात, दातांची कीडही त्यात येते. मला विचाराल तर पहिली-दुसरीच्या वर्गात सगळ्यात आधी याच चार दाढा बघाव्यात आणि त्याच दिवशी खाचा बंद कराव्यात. कारण पाठवलेली चिठ्ठी घेऊन रुग्णालयात येणारं मूल कोणाच्या तरी बुडालेल्या रोजावर येतं.

पुढे

बंदी होती तोवर काकी बोलावल्यावर आल्या. जखम भरायला नेहमीपेक्षा थोडा जास्त वेळ लागला, पण ठणका लागला नाही. दात साफ करून घेतले, हिरड्यांखालचा थर काढला. साखर गोळ्यांनी खाली येऊ लागली. मशेरी सुटलेली नाही. पहाटेची राहिली आहे, दुपारची आणि रात्रीची बंद आहे असं त्या सांगतात, आणि दातांवरचा थर बघता त्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. समोरचे चार दात अजून हलतात. त्यातला एक वाचणार नाही. बाकीचे तीन साखर आणि मशेरी दोन्ही आटोक्यात राहिली तर काही वर्षं टिकतील. दोन्ही बाजूंच्या खालच्या पहिल्या मोठ्या दाढा गेल्यामुळे चावायला काढता येणारी अर्धी कवळी लागेल. तिची मापं घेणं जखम पूर्ण भरेपर्यंत थांबवलं आहे.

नोंदवहीत मी आता कारणाच्या रकान्यात किडीपुढे आणखी दोन गोष्टी लिहितो: पहिल्यांदा कधी दुखलं, आणि मध्ये कोणता उपचार अर्धवट राहिला. छापील वहीत त्यासाठी जागा नाही, म्हणून समासात लिहावं लागतं. वर जाणाऱ्या अहवालात ते जात नाही.

होड्या पुन्हा पाण्यात गेल्यावर काकींना सकाळी बोलावण्यात अर्थ नव्हता. श्रावण होता तोवर जमलं, कारण अर्धा गाव मासे खात नाही. आता पुढची तारीख गुरुवारची दिली आहे. गुरुवारी उपासवाले बरेच असतात, माल कमी खपतो, आणि त्या दिवशी बाजार लवकर आटोपतो असं त्यांनीच सांगितलं.